विश्लेषण : हजार फाइली, एकच कमांड… ‘एमपुट’ने फोटो पाठवताना नेमके काय घडते?

लग्नाचे दीड-दोन हजार फोटो अल्बम छापणाऱ्याकडे पाठवायचे आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकले तर त्यांचा दर्जा घसरतो. गुगल ड्राइव्हची १५ जीबी मोफत जागा जीमेल आणि जुन्या फोटोंनीच भरलेली असते. पेन ड्राइव्ह द्यायचा तर कुणाला तरी लोकलने धाडावे लागते. यावरचे एक उत्तर पन्नासहून अधिक वर्षे जुने आहे आणि विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये ते आधीपासूनच बसवलेले असते. ते म्हणजे काळ्या खिडकीत टाइप करायचे चार-पाच शब्द. हे शब्द काय करतात, कुठे वेळ वाचवतात आणि कुठे घात करतात?

हा प्रश्न नेमका कुणाचा?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरची लागून असलेली शहरे. धंदे मात्र वेगवेगळे. उल्हासनगरच्या कापडबाजारात एम्ब्रॉयडरी मशीनला लागणारी पंचिंगची फाइल एक माणूस बनवतो आणि मशीन दुसऱ्याकडे असते. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात सीएनसी मशीनसाठी ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम बाहेरून येतात. बदलापुरात फोटो-व्हिडीओची कामे घेणारे मुंबईतल्या लॅबला माल पाठवतात. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेल्या कागदांचे गठ्ठे पडून असतात, ते वेगळेच. फाइल एकच असती तर ईमेलने भागले असते. अडचण संख्येची आहे.

आणखी एक कारण या पट्ट्याला चांगले ठाऊक आहे, ते म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घरे-दुकाने बुडाली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा परिसरात पुन्हा तेच पाणी होते. अशा ठिकाणी दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक प्रत आणि घरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर दुसरी, ही व्यवस्था कागदावर दोन प्रतींची असते. घर आणि दुकान दोन्ही तळमजल्यावर, एकाच पूररेषेत असतील तर ती एकच प्रत समजायची. दुसरी प्रत शहराबाहेर हवी, म्हणजे ती पाठवण्याची सोय हवी.

एफटीपी आले कुठून?

फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल म्हणजे एफटीपी. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी फाइलींची देवाणघेवाण कशी करावी, याचे नियम. त्याचा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध झाला आणि तो लिहिणारे अभय भूषण हे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. इंटरनेट हा शब्दही रुळला नव्हता आणि वर्ल्ड वाइड वेब यायला दोन दशके बाकी होती. आज वापरात असलेली या नियमांची मुख्य आवृत्ती ऑक्टोबर १९८५ ची आहे.

एफटीपीची एक खासियत ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात. त्यात दोन वेगळ्या जोडण्या असतात. एका जोडणीवर फक्त बोलणे चालते, म्हणजे मी अमुक, हा माझा पासवर्ड, अमुक फाइल घे. फाइल प्रत्यक्षात जाते ती दुसऱ्या जोडणीवरून, आणि प्रत्येक फाइलसाठी ही दुसरी जोडणी नव्याने उघडून बंद केली जाते. त्यामुळे एक जीबीची एक फाइल झपकन जाते आणि त्याच एक जीबीत मावणाऱ्या दहा हजार बारक्या फाइली रेंगाळत जातात. अशा वेळी आधी झिप करून एकच फाइल पाठवणे शहाणपणाचे. जेपीजी फोटो झिपने लहान होत नाहीत, कारण ते आधीच दाबलेले असतात. फायदा फक्त हजाराचे एक होण्याचा.

‘एमपुट’ आणि ‘एमगेट’ काय करतात?

एक फाइल पाठवण्याची कमांड ‘पुट’, एक आणण्याची ‘गेट’. त्यांच्याआधी मल्टिपलचा एम लावला की अनेक फाइलींची कमांड तयार होते. टाइप करताना अर्थातच लहान इंग्रजी अक्षरे वापरायची.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफटीपी असे टाइप केले की हा प्रोग्रॅम सुरू होतो. मग ‘ओपन’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता, नंतर नाव आणि पासवर्ड. आत गेल्यावर दोन फोल्डरांचा हिशेब ठेवायचा असतो, तिकडचा आणि इकडचा. ‘सीडी’ने तिकडचे फोल्डर बदलते, ‘एलसीडी’ने आपले. यातला एल लोकलचा. नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. ‘एलसीडी’ न दिल्याने प्रोग्रॅम भलत्याच फोल्डरात फाइली शोधतो आणि काहीच सापडले नाही म्हणतो. फाइली हरवलेल्या नसतात, आपण चुकीच्या खोलीत उभे असतो.

त्यानंतर ‘एमपुट *.जेपीजी’ म्हटले की त्या फोल्डरातले सगळे जेपीजी फोटो रांगेने निघतात. फुलीसारखे दिसणारे हे तारांकन म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘इथे कोणतेही एक अक्षर’. म्हणजे ‘हळद’ने सुरू होणाऱ्या फाइलीच हव्या असतील तर हळद लिहून पुढे तारांकन द्यायचे.

पण फाइली लगेच निघत नाहीत. प्रत्येक फाइलसाठी प्रोग्रॅम विचारतो, ही पाठवू का? दोन हजार वेळा वाय दाबत बसायची कुणाची तयारी नसते. त्यासाठी आधी ‘प्रॉम्प्ट’ ही कमांड द्यायची, की प्रश्न बंद होतात. ही कमांड दिव्याच्या बटणासारखी आहे. पुन्हा दिली की प्रश्न पुन्हा सुरू. सध्या कोणत्या स्थितीत आहे ते ती सांगते, तेवढे वाचायचे. सुरुवातीलाच एफटीपी नंतर वजा चिन्ह आणि आय जोडले तरी प्रश्न बंद राहतात. कमांडचे नाव काही सुचवत नाही, हे खरे.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अनेक फाइली एकदम घेण्याची कमांड एफटीपीच्या नियमांत नाहीच. ‘एमगेट’ दिले की आपला प्रोग्रॅम सर्व्हरकडून नावांची यादी मागवतो आणि मग एकेक फाइल स्वतंत्रपणे आणतो. ‘एमपुट’मध्ये यादी आपल्याच डिस्कवरून बनते. म्हणजे हजारांतली तीनशेवी फाइल जात असताना वीज गेली, तर दोनशे नव्याण्णव पूर्ण पोहोचलेल्या, एक अर्धवट आणि बाकीच्या निघालेल्याच नाहीत अशी स्थिती राहते. ती अर्धवट फाइल तिकडच्या यादीत नावानिशी दिसते. यादीत नाव आहे म्हणजे फाइल आली, असे समजून इकडचे मेमरी कार्ड फॉरमॅट करणारे यात फसतात. लग्न दुसऱ्यांदा लागत नाही.

काम चालू असताना पडद्यावर तीन आकडी संख्या उमटतात, त्या वाचण्यासारख्या असतात. दोनने सुरू होणारी संख्या म्हणजे काम झाले, उदाहरणार्थ २२६ म्हणजे फाइल पूर्ण गेली. चारने सुरू होणारी म्हणजे तात्पुरती अडचण, पुन्हा प्रयत्न करा. पाचने सुरू होणारी म्हणजे असे चालणार नाही. ५३० आले तर लॉगिन चुकले आहे, ५५० आले तर फाइल नाही किंवा परवानगी नाही. हजार ओळींच्या धबधब्यात मधली एक ५५० नजरेतून सहज सुटते.

‘बायनरी’ विसरले तर?

एफटीपीत पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत, अॅस्की आणि बायनरी. अॅस्की पद्धत साध्या मजकुरासाठी. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते आणि लिनक्समध्ये एका चिन्हाची. अॅस्की पद्धतीत वाटेत हा फरक आपोआप जुळवून घेतला जातो. मजकुराच्या फाइलीला यात काही धोका नाही. फोटो, झिप, पीडीएफ किंवा एम्ब्रॉयडरीची डीएसटी फाइल यांच्या पोटात मात्र तीच दोन चिन्हे योगायोगाने शेजारी येतात. तिथे ओळ वगैरे काही नसते, तरी त्यातले एक चिन्ह गाळले जाते आणि फाइल मोडते. फोटो अर्ध्यात राखाडी होतो, झिप उघडत नाही. मशीनला डिझाइन वाचताच आले नाही तर बरे. वाचता आले आणि टाके भलतीकडे पडले, तर कापड वाया.

विंडोजचा जुना एफटीपी प्रोग्रॅम सुरू होतो तो अॅस्की पद्धतीतच. म्हणून ‘एमपुट’च्या आधी ‘बायनरी’ ही कमांड द्यायची सवय लावून घ्यावी. काही सर्व्हर अॅस्की पद्धत स्वतःच बंद ठेवतात, त्यामुळे ‘बायनरी’ न देताही वर्षानुवर्षे काम नीट चाललेले असते. मग एखाद्या दिवशी सर्व्हर बदलतो आणि सगळे फोटो खराब का येतात ते कुणालाच कळत नाही. ओळखायची खूण साधी आहे. दोन्हीकडच्या फाइलींचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहावा. काही बाइटांचा फरक असला तर गडबड इथेच.

एकाच नावाच्या दोन फाइली

सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते, असे मानायला जागा आहे. एफटीपीत फाइल पाठवली आणि तिकडे त्याच नावाची फाइल आधीपासून असली, तर जुनी पुसली जाऊन नवी बसते. बहुतेक सर्व्हर काही विचारत नाहीत, काही सांगत नाहीत.

कॅमेरे फोटोंना क्रमांकाने नावे देतात आणि ९९९९ नंतर मोजणी पुन्हा सुरुवातीला येते. एका लग्नाला एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तर दोघांकडे त्याच क्रमांकाचे फोटो असणे अगदी शक्य आहे. एक जण वराकडचा, दुसरा वधूकडचा. दोघांनी लॅबच्या एकाच फोल्डरात ‘एमपुट’ केले, की मागून पाठवणाऱ्याचे फोटो आधीच्याच्या फोटोंवर बसले. एकूण संख्या कमी भरली की कळते, तीही कुणी मोजली तर. ‘एमगेट’ला हेच उलट्या दिशेने लागू आहे. तिकडून आणलेली फाइल आपल्याकडची त्याच नावाची फाइल पुसते, मग आपल्याकडची संपादित केलेली असो की नसो.

उपाय दोन. एक तर प्रत्येक कॅमेऱ्याचे फोल्डर वेगळे ठेवायचे, ‘एमकेडीआयआर’ या कमांडने तिकडे ते तयार करता येते. नाहीतर पाठवण्याआधीच फाइलींच्या नावांपुढे कॅमेऱ्याची किंवा माणसाची खूण जोडायची. दुसरा उपाय अधिक टिकाऊ, कारण फोल्डर पुढे कुणीतरी एकत्र करतोच.

नावांतच आणखी एक मेख आहे. विंडोजला मोठी-लहान इंग्रजी अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी. कॅमेरा जेपीजी हे शेपूट बहुधा मोठ्या अक्षरांत लिहितो. लिनक्सच्या सर्व्हरवरून फोटो आणताना ‘एमगेट’पुढे लहान अक्षरांतले शेपूट दिले, तर सर्व्हर शांतपणे सांगतो की अशी फाइल नाही. फोल्डर फोटोंनी भरलेले असते.

आणि ‘एमडिलीट’. अनेक फाइली एकदम पुसण्याची ही कमांड ‘एमपुट’च्या सख्ख्या भावंडांतली आहे. ‘प्रॉम्प्ट’ बंद असताना तिच्यापुढे नुसते तारांकन दिले तर परत विचारणारे कुणी नाही, आणि सर्व्हरवर रिसायकल बिन नसतो.

फोनचा संबंध काय?

अनेक अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी किंवा ‘रिमोट’ नावाची सोय असते. ती सुरू केली की फोनच एफटीपी सर्व्हर बनतो आणि पडद्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आणि त्यापुढे बहुधा २१२१ असा पोर्ट क्रमांक दिसतो. एफटीपीचा ठरलेला पोर्ट २१, पण अँड्रॉइड साध्या ॲपला १०२४ च्या खालचे पोर्ट उघडू देत नाही. म्हणून हा वेगळा आकडा. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले, की कॉम्प्युटरवर ‘ओपन’पुढे तो पत्ता, एक जागा सोडून पोर्ट, आणि मग नेहमीचे ‘बायनरी’, ‘प्रॉम्प्ट’, ‘एमगेट’. फोनमधले शेकडो फोटो केबलशिवाय, इंटरनेटचा डेटा न खर्चता कॉम्प्युटरवर येतात.

यात दोन अडचणी येतात. विंडोजच्या या प्रोग्रॅममध्ये दुसरी जोडणी समोरच्याने आपल्याकडे उघडायची असते. त्यामुळे विंडोजची फायरवॉल ती अडवते आणि लॉगिन होऊनही यादी दिसत नाही. फायरवॉल परवानगी विचारते तेव्हा खासगी नेटवर्कपुरती द्यावी. इंटरनेटवरच्या सर्व्हरशी बोलतानाही राउटरमुळे हाच प्रकार होतो. तिथे फाइलझिलासारखा प्रोग्रॅम किंवा पुढे सांगितलेला मार्ग बरा. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. फोनवरची ही सोय अनेकदा पासवर्डशिवाय चालू होते. घरच्या वाय-फायवर ठीक, पण दुकानाचा वाय-फाय गिऱ्हाइकांनाही दिलेला असेल तर त्यांच्यापैकी कुणालाही तुमच्या फोनमधले फोल्डर उघडता येते. काम झाले की बंद करायचे.

एफटीपी धोक्याचे का मानतात?

कारण १९७१ साली जाळ्यावरचे सगळे एकमेकांना ओळखत होते. एफटीपीत नाव, पासवर्ड आणि फाइल हे सारे उघड्या पोस्टकार्डासारखे जाते. वाटेत बसलेल्याला ते वाचता येते. म्हणूनच ब्राउझरांनी एफटीपीला निरोप दिला. फायरफॉक्सने जुलै २०२१ मध्ये, क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ॲपलने तर २०१७ पासूनच मॅकमधून एफटीपीची कमांड काढून टाकली.

गाळ्यातल्या सीएनसी मशीनशी किंवा ऑफिसातल्या जुन्या स्कॅनरशी आतल्या आत बोलायला एफटीपी अजून चालते, काही यंत्रांना दुसरी भाषाच येत नाही. पण गिऱ्हाइकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, भाडेकरार यांचे स्कॅन साध्या एफटीपीने इंटरनेटवरून पाठवणे बेपर्वाईचे आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. ते कागद गिऱ्हाइकाचे असतात, दुकानदाराचे नव्हेत.

पर्याय आहे एसएफटीपी. नाव सारखे असले तरी ही एफटीपीची सुधारित आवृत्ती नाही. ती एसएसएच या वेगळ्या व्यवस्थेवर चालते. फिनलंडच्या तातू युलेनेन यांनी १९९५ मध्ये, आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यावरचे पासवर्ड चोरीला गेल्यानंतर, ती लिहिली. सगळे बोलणे आणि सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन एकाच जोडणीवरून जातात, पोर्ट २२. त्यामुळे वरची फायरवॉलची कटकटही संपते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ती कमांड आलेली आहे.

जुन्या माणसाला फार नवे शिकावे लागत नाही. ‘सीडी’, ‘एलसीडी’, ‘पुट’, ‘गेट’ तेच. इथे ‘पुट’लाच तारांकन चालते. सवयीने ‘एमपुट’ टाइप केले तरी ते मानून घेतले जाते. ‘बायनरी’ लागत नाही, ‘प्रॉम्प्ट’ही नाही. ‘पुट’पुढे वजा आर दिले तर फोल्डरातली आतली फोल्डरेही जातात, ‘एमपुट’ला ते जमत नव्हते. वरचढ फाइल न विचारता पुसण्याची खोड मात्र इथेही तशीच आहे.

पहिल्यांदा जोडताना पडद्यावर अक्षरांची एक विचित्र माळ येते आणि येस की नो असे विचारले जाते. ही त्या सर्व्हरची बोटांच्या ठशासारखी ओळख. एकदा होकार दिला की ती साठवली जाते. पुढे कधी ती बदलल्याचा इशारा आला, तर सर्व्हरवाल्याला फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किती वेळ लागेल? मध्येच तुटले तर?

इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते आणि एका बाइटचे आठ बिट होतात. चाळीस जीबीचे लग्न २० मेगाबिटच्या अपलोडने पाठवायला, वेग एकदाही न घसरता, साडेचार तासांच्या आसपास लागतात. १०० मेगाबिट असेल तर पाऊण-एक तास. जाहिरातीतला वेग अनेकदा डाउनलोडचा असतो, अपलोडचा विचारून घ्यावा. तुलनेसाठी, पेन ड्राइव्ह खिशात टाकून बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने जायला साधारण दीड तास लागतो. चढायला मिळाले तर.

चार तासांत वीज जाणे, राउटर बंद पडणे नवलाचे नाही. एसएफटीपीमध्ये ‘रीपुट’ आणि ‘रीगेट’ या कमांड तुटलेली फाइल होती तिथून पुढे चालू करतात. पण हजारांतल्या कोणत्या राहिल्या ते शोधायचे कुणी? यासाठी तयार झालेला प्रोग्रॅम म्हणजे आरसिंक. ऑस्ट्रेलियातल्या अँड्रयू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ मध्ये आणला. तो दोन्हीकडची यादी ताडतो आणि जे तिकडे नाही किंवा बदलले आहे तेवढेच पाठवतो. तुटले की तीच ओळ पुन्हा चालवायची, पोहोचलेल्या फाइली तो सोडून देतो. रोज रात्री शहराबाहेर प्रत ठेवायची असेल तर हाच योग्य. विंडोजमध्ये तो सरळ मिळत नाही, लिनक्सची उपव्यवस्था आधी चालू करावी लागते. अँड्रॉइडवर टर्मक्स या ॲपमध्ये मात्र एसएफटीपी आणि आरसिंक दोन्ही बसवता येतात, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्यालाही हे सगळे फोनवरून शक्य आहे.

आरसिंकची धार दोन ठिकाणी लागते. फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, न दिली तर फोल्डरासकट जातो. दुसरे, ‘डिलीट’ हा पर्याय. इकडे नसलेले तिकडूनही काढून टाक, असा त्याचा अर्थ. कार्ड नीट न लागल्याने इकडचे फोल्डर रिकामे दिसत असेल आणि ही ओळ चालली, तर तिकडची प्रतही रिकामी होते. वजा एन लावून आधी रंगीत तालीम करता येते. काय जाईल, काय पुसले जाईल ते नुसते छापून दाखवले जाते, हात कशालाच लागत नाही.

सगळे पोहोचले, हे कसे ओळखावे?

आधी संख्या, मग एकूण आकार. दोन्ही जुळले तर बहुतेक वेळा भागते. कार्ड पुसण्याआधी खात्रीच हवी असेल तर एसएचए-२५६ वापरावे. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून ६४ अक्षरांची एक खूण काढली जाते. एक बाइट बदलला तरी ती पार वेगळी येते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही कमांड एकेका फाइलची खूण काढून देते. लिनक्स आणि टर्मक्समध्ये पूर्ण फोल्डरच्या खुणांची यादी एका फाइलीत काढून ती सोबत पाठवता येते आणि तिकडचा माणूस एका ओळीत सगळी यादी तपासतो. लॅबवाल्याशी पहिल्याच कामाच्या वेळी हे ठरवून घेतले तर ‘आम्हाला आलेच नाहीत’, ‘आम्ही तर पाठवले’ हा संवाद टळतो.

मराठी नावांच्या फाइलींचे काय?

फाइलीचे नाव देवनागरीत ठेवायला आज कोणत्याही फोनची किंवा कॉम्प्युटरची हरकत नसते. एफटीपीतही १९९९ पासून युनिकोड नावांची तरतूद आहे. पण विंडोजचा जुना एफटीपी प्रोग्रॅम ती जुमानत नाही, आणि ‘हळद’ तिकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोहोचते. पन्नास फाइलींची नावे अशी प्रश्नचिन्हे झाली तर त्या एकमेकींवर बसण्याचीही भीती. एसएफटीपी आणि आरसिंकमध्ये हा त्रास सहसा होत नाही.

नावात मोकळी जागा असली तरी कमांडची पंचाईत होते, ती एका नावाची दोन नावे समजते. अशा नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे द्यावी लागतात. त्यापेक्षा जागेऐवजी खालची आडवी रेघ बरी. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. आणि क्रमांक देताना १, २, ३ न देता ०००१, ०००२ असे द्यावेत. नाहीतर अनेक सर्व्हरांच्या यादीत १ नंतर १०, मग १००, मग १०००, आणि त्यानंतर कुठेतरी २ येतो, आणि अल्बममध्ये सप्तपदीच्या आधी वरात परत निघते.